वाचकांचे प्रश्न : निकालातला क्रमांक आणि त्यामागची धाव

घोड्यांच्या शर्यतींविषयी या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांत एकच दुखणे वेगवेगळ्या शब्दांत मांडलेले आहे: निकाल पाहिला, जिंकलेला घोडा पुढच्या वेळी धरला आणि पैसे गेले. म्हणून या वेळी निकाल वाचणे आणि त्यावरून पैसे लावायचे की नाही हे ठरवणे, एवढ्याच विषयावरची पत्रे निवडली आहेत. माझे म्हणणे आधीच सांगतो. निकालपत्रकात सर्वांत ठळक छापलेला आकडा, म्हणजे क्रमांक, हा त्या पत्रकातील सर्वांत कमी माहिती देणारा आकडा असतो.

प्रश्न : गेले वर्षभर मी एकच नियम पाळतो आहे. मागच्या शर्यतीत पहिला किंवा दुसरा आलेला घोडा पुढच्या शर्यतीत धरायचा. अधूनमधून जिंकतोही, पण वर्षाचा हिशेब केला तर तोटाच निघतो. निकालात मी आणखी काय पाहायला हवे?

उत्तर : आपला घोडा पहिला आला, एवढे तर शर्यत पाहणाऱ्या प्रत्येकाला दिसते, त्यामुळे पुढच्या शर्यतीत त्याचा भाव, म्हणजे जिंकल्यास लावलेल्या पैशांमागे मिळणारा नफा, आधीच उतरलेला असतो. सर्वांना ठाऊक असलेल्या गोष्टीसाठी आपण चढी किंमत मोजता, आणि तोट्याचे मूळ तिथे आहे. ज्या गोष्टी क्रमांकात उमटत नाहीत, त्याच आपल्या कामाच्या.

शर्यतींच्या इतिहासातील एक प्रसिद्ध निकाल घेऊ. ऑगस्ट 1919 मध्ये अमेरिकेतील सॅराटोगा येथे सहा फर्लांगांच्या (फर्लांग म्हणजे मैलाचा आठवा भाग) सॅनफर्ड मेमोरियल शर्यतीत ‘अपसेट’ नावाचा घोडा पहिला आला आणि ‘मॅन ओ’ वॉर’ अर्ध्या लेंग्थने (लेंग्थ म्हणजे एका घोड्याची लांबी) दुसरा. फक्त क्रमांक वाचणाऱ्याने अपसेटला श्रेष्ठ ठरवले असते. आता त्याच निकालातील बाकीची माहिती पाहा. मॅन ओ’ वॉरच्या पाठीवर 130 पौंड होते, अपसेटच्या पाठीवर 115. त्या काळी आजच्यासारखी यांत्रिक गेट्स नव्हती, समोर ताणलेला अडथळा वर उडाला की घोडे सुटत, आणि तो उडाला तेव्हा मॅन ओ’ वॉर नीट उभाही राहिलेला नव्हता. पुढे तो रेलच्या, म्हणजे मार्गाच्या आतल्या कठड्याच्या, बाजूला इतर घोड्यांत कोंडला गेला आणि मोकळी वाट मिळेपर्यंत अंतर फारसे उरले नव्हते. एवढे सगळे होऊन हरला तो अर्ध्या लेंग्थने. सहा फर्लांगांत अडीच पौंड म्हणजे साधारण एक लेंग्थ, हा जुना ठोकताळा लावला तर नुसत्या पंधरा पौंडांच्या फरकाची किंमतच सहा लेंग्थ होते. हे दोघे नंतर जेव्हा जेव्हा समोरासमोर आले, तेव्हा प्रत्येक वेळी मॅन ओ’ वॉरच पुढे होता, आणि 21 शर्यतींच्या त्याच्या कारकिर्दीतील ती एकमेव हार ठरली.

म्हणून निकाल हाती आला की क्रमांकावर बोट ठेवून चार प्रश्न विचारावेत. पाठीवर वजन किती होते, सुटताना काय झाले, वाट मोकळी होती की अडली, आणि पुढच्या घोड्यांनी सुरुवातीचा वेग किती ठेवला होता. यांतील शेवटचा प्रश्न बहुतेक जण विचारतच नाहीत, आणि माझ्या मते सर्वाधिक उत्तरे त्याच्याच पोटात असतात. समजा, शर्यतीत पहिले तीनही घोडे अर्ध्या वाटेपर्यंत सर्वांत मागे होते आणि शेवटच्या दोन फर्लांगांत पुढे आले. याचा अर्थ पुढच्यांनी सुरुवातीला जीव तोडून वेग घेतला आणि शेवटी ते थकले. अशा शर्यतीत सुरुवातीपासून आघाडीवर राहूनही जो चौथा आला, जो शेवटी पूर्णपणे मोडला नाही, त्याची धाव पहिल्या आलेल्याहून मोलाची असू शकते. उलट, एखाद्या घोड्याला एकट्याला आघाडी मिळाली, कोणी त्याला छेडले नाही, जॉकीने लगाम आवळून आरामात वेग सांभाळला आणि तो चार लेंग्थने जिंकला, तर त्या चार लेंग्थांतल्या निम्म्या तरी त्या एकांताच्या आहेत. पुढच्या शर्यतीत आघाडीला धावणारे आणखी दोन घोडे असतील, तर तो एकांत त्याला मिळणार नाही.

मी स्वतः यात एकदा चांगलाच ठेचकाळलो आहे. एका घोड्याने सहा लेंग्थने शर्यत मारली होती आणि मी पुढच्या वेळी नेहमीच्या दुप्पट पैसे त्याच्यावर लावले. तो सातवा आला. घरी येऊन मागचा निकाल पुन्हा उघडला, तेव्हा मैदानाची नोंद दिसली: पावसाने मऊ झालेले. या वेळी मैदान टणक होते. ती नोंद पहिल्याही वेळी त्याच ओळीत छापलेली होती, मी ती वाचली नव्हती एवढेच.

प्रश्न : घोडा ‘वाइड’ धावला, बाहेरून गेला, असे शर्यतीच्या वर्णनात वारंवार येते. त्याने नेमका किती फरक पडतो? की ही जॉकीची सबब असते?

उत्तर : सबब नाही, शाळेतली भूमिती आहे, आणि हिशेब कागदावर करून पाहण्याजोगा आहे. शर्यतीच्या मार्गाचे वळण अर्धवर्तुळाकार धरा. आतल्या रेलपासून एक मीटर बाहेर धावणाऱ्या घोड्याला त्या अर्धवर्तुळात 3.14 मीटर जास्त धावावे लागते, वळणाची त्रिज्या कितीही असली तरी. दोन मीटर बाहेर असेल तर 6.28 मीटर. एक लेंग्थ सुमारे 2.4 मीटर, म्हणजे दोन मीटर बाहेरून संपूर्ण वळण घेतलेल्या घोड्याने अडीच लेंग्थहून अधिक अंतर जास्त कापलेले असते. तो शेवटी दोन लेंग्थने हरला असेल, तर त्या हरण्याला हार म्हणताना विचार करावा लागतो.

याच कारणाने ड्रॉ, म्हणजे घोड्याला मिळालेला गेटचा क्रमांक, काही मैदानांवर निर्णायक ठरतो. इंग्लंडमधील चेस्टरचे मैदान जेमतेम मैलभर घेराचे आहे आणि जवळजवळ सतत वळत राहते. तिथल्या पाच फर्लांगांच्या शर्यतीत आतल्या गेटच्या घोड्याला जो लाभ मिळतो, तो सगळ्यांना माहीत असतो आणि भावातही उतरलेला असतो. सरळ मार्गावरच्या शर्यतीत वळणाचा प्रश्नच नाही, पण तिथे मैदानाचा एखादा पट्टा कमी तुडवलेला आणि जास्त वेगवान निघू शकतो. दिवसाच्या पहिल्या दोन-तीन शर्यतींत जिंकणारे घोडे कोणत्या बाजूने येत आहेत, हे पाहिले की अंदाज येतो.

एक इशारा मात्र द्यावासा वाटतो. काही घोडे दर वेळी बाहेरूनच धावतात, कारण ते सुटायला मंद असतात किंवा त्यांना इतरांच्या गर्दीत शिरणे आवडत नाही. ज्याच्या पाच निकालांत पाच वेळा ‘वाइड’ लिहिलेले आहे, त्याच्या बाबतीत ते दुर्दैव नसून स्वभाव आहे, आणि सहाव्या वेळीही तो बाहेरूनच जाण्याची शक्यता अधिक.

प्रश्न : हँडिकॅप शर्यतीत चांगल्या घोड्यावर जास्त वजन ठेवतात, मग तिथे चांगला घोडा धरण्यात अर्थच काय? वजनाचा हिशेब सामान्य माणसाला करता येतो का?

उत्तर : करता येतो, पण तो ठोकताळा आहे हे विसरू नये. पाच फर्लांगांत एका लेंग्थला साधारण 3 पौंड, मैलाच्या शर्यतीत 2 पौंड आणि दोन मैलांच्या आसपास 1 पौंड, असे प्रमाण अनेक ठिकाणी धरतात. कारण सोपे आहे: अंतर जसे वाढते, तसा तेवढ्याच वजनाचा परिणाम अधिक वेळ साचत जातो.

एक उदाहरण सोडवू. मैलाची शर्यत. पहिला आलेल्या घोड्याच्या पाठीवर 54 किलो, आपण पाहत असलेला घोडा 58 किलो घेऊन चार लेंग्थने पाचवा. चार किलो म्हणजे सुमारे 8.8 पौंड, मैलाला 2 पौंडांच्या हिशेबाने 4.4 लेंग्थ. म्हणजे सारख्या वजनाने धावले असते, तर दोघे एकमेकांच्या गळ्यात गळा घालूनच आले असते. आता पुढच्या शर्यतीत जिंकलेल्याला वाढीव वजन मिळून तो 57 वर आणि आपला घोडा 57.5 वर आला, तर मागच्या वेळचा चार किलोंचा फरक अर्ध्या किलोवर आला. पाचवा आलेला घोडा या वेळी बरोबरीचा दावेदार आहे आणि भाव मात्र अजून पाचव्या क्रमांकाचा मिळतो आहे, असे क्षण शोधण्यासाठीच हँडिकॅपचे निकाल जपून ठेवावेत.

वजनाला मर्यादा असते, हे ‘फार लॅप’ या घोड्याने दाखवून दिले. 1930 ची मेलबर्न कप शर्यत त्याने 138 पौंड घेऊन जिंकली. पुढच्या वर्षी त्याच्यावर 150 पौंड ठेवले आणि तो आठवा आला. दोन मैलांच्या शर्यतीत वाढलेले बारा पौंड म्हणजे काय, ते त्या दोन निकालांवरून समजते. आठवा आला म्हणून तो घोडा वाईट झाला, असे म्हणायला त्या काळीही कोणी धजावले नसते.

प्रश्न : घड्याळातली वेळ पाहून घोडा निवडता येईल का? वेळ तर खोटे बोलत नाही.

उत्तर : वेळ खरी असते, तिची तुलना खोटी असू शकते. ओल्या मैदानावरचा एक मिनिट चाळीस सेकंद आणि कोरड्या मैदानावरचा एक मिनिट चाळीस सेकंद या दोन निराळ्या धावा आहेत. रेल आत-बाहेर सरकवली की अंतर बदलते, समोरून वारा असला की वेळ वाढते. त्यामुळे तुलना करायचीच, तर एकाच दिवशी, त्याच मैदानावर, त्याच अंतराच्या दोन शर्यतींची करावी. वरच्या वर्गातील शर्यतीपेक्षा खालच्या वर्गातील शर्यत एका सेकंदाने वेगवान झाली असेल, तर त्या खालच्या शर्यतीतले पहिले तीन घोडे वहीत लिहून ठेवावेत. चांगल्या कोरड्या मैदानावर सेकंदाला सुमारे सहा लेंग्थ धरतात, मऊ मैदानावर पाच. शेवटच्या तीन फर्लांगांची स्वतंत्र वेळ मिळत असेल, तर एकूण वेळेपेक्षा ती अधिक बोलकी असते.

प्रश्न : माझा मित्र म्हणतो, नेहमी फेव्हरिट, म्हणजे सर्वांत कमी भावाचा घोडा, धरावा. भाऊ म्हणतो, ज्याचा भाव मोठा असा घोडा धरावा, एकदा लागला की सगळे वसूल. दोघांपैकी कोणाचे ऐकावे?

उत्तर : दोघांच्याही सल्ल्यात शक्यता आणि भाव यांचा एकत्र विचार नाही. मित्र फक्त जिंकण्याची शक्यता पाहतो, भाऊ फक्त मिळणारी रक्कम पाहतो, आणि डाव फायद्याचा की तोट्याचा हे या दोन्हींच्या गुणाकारावर ठरते. हा या अंकातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न असल्याने थोडे विस्ताराने लिहितो.

भाव म्हणजे शक्यतेची किंमत. पाचास एक भाव असेल, म्हणजे जिंकल्यास एकामागे पाचांचा नफा असेल, तर सहा वेळांत एकदा घोडा जिंकला की हिशेब बरोबरीत सुटतो, म्हणजे शक्यता 16.7 टक्के. आता सहा घोड्यांच्या एका शर्यतीत बुकीने दोनास एक, तीनास एक, चारास एक, पाचास एक आणि दोन घोड्यांना नवास एक असे भाव लावले आहेत असे समजा. त्यांच्या शक्यता अनुक्रमे 33.3, 25, 20, 16.7, 10 आणि 10 होतात. बेरीज करा: 115. शर्यत एकच घोडा जिंकणार, म्हणजे खरी बेरीज 100 हवी. वरचे पंधरा ही बुकीची कमाई. म्हणून डोळे मिटून कोणताही घोडा धरत राहिलात, तर सरासरीने तोटाच होईल, आणि तो बुकीच्या लबाडीने नव्हे, या साध्या बेरजेने.

टोटमध्ये हीच गोष्ट दुसऱ्या रीतीने घडते. 1860 च्या दशकात पॅरिसमध्ये जोसेफ ओलेर यांनी सुरू केलेल्या या पद्धतीत लोकांचे सगळे पैसे एका ठिकाणी जमा होतात, त्यातून ठरलेली कपात होते आणि उरलेले जिंकणाऱ्यांत वाटले जातात. हा हिशेब आपोआप करणारे जॉर्ज ज्युलियस यांचे यंत्र 1913 मध्ये ऑकलंडच्या एलर्स्ली मैदानावर पहिल्यांदा बसवले गेले. समजा, एकूण 1,00,000 एकक जमले, त्यातले 20 टक्के कापले गेले, उरले 80,000. आपल्या घोड्यावर लोकांनी 20,000 लावले आहेत. तो जिंकला तर प्रत्येक एककामागे, लावलेला एकक धरून, चार एकक मिळतील. लोकांच्या मते त्याची शक्यता पाचात एक होती, पण आपला हिशेब बरोबरीत सुटण्यासाठी ती चारात एक असायला हवी. म्हणजे टोटमध्ये आपली लढत घोड्यांशी नसते, बुकीशीही नसते. ती पैसे लावणाऱ्या बाकीच्या सगळ्या लोकांशी असते, आणि त्यांच्यापेक्षा थोडे अधिक कळून भागत नाही, कपात भरून निघेल इतके अधिक कळावे लागते.

मित्राच्या नियमाविषयी: फेव्हरिट साधारण तीन शर्यतींत एकदा जिंकतो, असा सर्वदूरचा अनुभव आहे. पण त्याचा भाव दोनास एकपेक्षा कमी असेल, तर तेवढ्याने भागत नाही. याचे टोकाचे उदाहरण ‘सेक्रेटेरिएट’ या घोड्याचे. 1973 ची बेलमाँट शर्यत त्याने 31 लेंग्थने, दीड मैलाला 2 मिनिटे 24 सेकंद अशा वेळेत जिंकली. इतका थोर विजय, आणि त्याच्यावर विनला, म्हणजे जिंकण्यावर, लावलेल्या दोन डॉलरना मिळाले दोन डॉलर वीस सेंट. पाच हजारांहून अधिक तिकिटांचे पैसे लोकांनी कधी घेतलेच नाहीत, आठवण म्हणून तिकीटच जपले. तो घोडा धरणे योग्य ठरायला तो अकरांपैकी दहा वेळा जिंकायला हवा, इतका तो भाव आवळलेला होता.

आपल्या बंधूंच्या नियमाविषयी: 1949 मध्ये ग्रिफिथ या संशोधकाने अमेरिकेतील शर्यतींचे आकडे तपासून दाखवले की लोक फार मोठ्या भावाच्या घोड्यांवर त्यांच्या खऱ्या शक्यतेपेक्षा जास्त पैसे लावतात आणि फेव्हरिटवर कमी. पुढच्या बऱ्याच अभ्यासांत, अनेक देशांत, हाच कल पुन्हा दिसला. म्हणजे आपले बंधू ज्या बाजूला जात आहेत, तिथे गर्दीमुळे मालाला अवाजवी किंमत आलेली असते. 1967 च्या ग्रँड नॅशनल या इंग्लंडमधील अडथळ्यांच्या शर्यतीत तेविसाव्या अडथळ्यावर पुढच्या घोड्यांची एकमेकांत गुंतागुंत झाली, जवळजवळ सगळे अडले, आणि बऱ्याच मागून येणारा ‘फॉइनव्हॉन’ बाजूने वाट काढून शंभरास एक भावाने जिंकला. अशी गोष्ट घडते आणि पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते, पण ती धोरण म्हणून वापरता येत नाही.

मग करावे काय? शर्यतीतल्या प्रत्येक घोड्याची शक्यता आधी स्वतः लिहावी, बेरीज 100 येते का ते पाहावे आणि त्यानंतरच भाव उघडावेत. हा क्रम उलटा करू नये. भाव आधी पाहिला की मन त्याच आकड्याभोवती घुटमळते आणि आपले मत म्हणून आपण लोकांचेच मत लिहितो. आपल्या आकड्यापेक्षा भाव ठळकपणे उदार असेल, तरच डाव. बहुतेक शर्यतींत तसा घोडा सापडत नाही, आणि मग ती शर्यत नुसती पाहावी.

प्रश्न : फोनवर ‘खात्रीची टीप’ देणाऱ्या एका इसमाने मला सलग तीन वेळा जिंकणारा घोडा सांगितला. चौथ्या टीपेसाठी तो मोठी रक्कम मागत आहे. त्याला काहीतरी आतली माहिती असावी असे वाटते. द्यावेत का पैसे?

उत्तर : देऊ नका. आठ घोड्यांच्या शर्यतीत 5120 जणांना आठ गटांत वाटून प्रत्येक गटाला वेगळा घोडा सांगितला, तर 640 जणांना विजेता मिळतो. त्या 640 जणांना पुढच्या शर्यतीत तसेच वाटले की 80 उरतात, तिसऱ्या शर्यतीनंतर 10. या दहा जणांनी डोळ्यांदेखत सलग तीन विजेते पाहिलेले असतात आणि उरलेल्या 5110 जणांशी त्यांची कधी गाठ पडत नाही. आपण त्या दहांपैकी एक असण्याची शक्यता त्या इसमाला आतले काही ठाऊक असण्यापेक्षा कितीतरी मोठी आहे. ज्याला खरेच सलग विजेते कळतात, त्याला आपल्या पैशांची गरज काय पडावी?

प्रामाणिकपणे मत देणारे जाणकारही असतात. त्यांची पारख करायची, तर त्यांच्या सगळ्या टिपा, हरलेल्यांसह, आणि टीप दिली त्या क्षणी असलेला भाव, एवढे मागावे. शर्यत झाल्यावर सांगितलेल्या भावाला अर्थ नाही.

प्रश्न : ‘ईच वे’ लावले तर पैसे सुरक्षित राहतात, हे खरे का?

उत्तर : ते दोन स्वतंत्र डाव आहेत, एक जिंकण्याचा आणि एक प्लेसचा, म्हणजे पहिल्या काही क्रमांकांत येण्याचा, त्यामुळे रक्कमही दुप्पट जाते. दहास एक भावाचा घोडा, प्लेसला भावाचा पाचवा हिस्सा, आणि तो तिसरा आला. विनचा एक एकक गेला, प्लेसचे दोन मिळाले आणि प्लेसला लावलेला परत आला. दोन लावून तीन हाती आले. तोच घोडा तीनास एक असता, तर तिसरा येऊनही दोन लावून 1.6 हाती आले असते. म्हणून लहान भावाच्या घोड्यावर ईच वे लावण्यात सुरक्षितता फारशी नाही. किती घोडे धावले तर किती प्लेस, हे नियम जागोजागी निराळे असतात, ते आधी वाचावेत.

प्रश्न : सलग अकरा डाव हरलो. आता रक्कम दुप्पट करत गेलो तर एक ना एक दिवस सगळे भरून निघेल, असे गणित मी केले आहे. पत्नीला अजून काही सांगितलेले नाही. माझे गणित बरोबर आहे का?

उत्तर : आपले पत्र मी दोनदा वाचले आणि उत्तर सरळ लिहितो. गणित बरोबर नाही. एक एककापासून दुप्पट करत गेल्यास दहा हारींत 1023 एकक जातात आणि अकरावा डाव 1024 चा लावावा लागतो, तोही, एकास एक भाव धरला तर, एका एककाच्या नफ्यासाठी. पाचांत एक जिंकणाऱ्याला शंभर डावांत कुठेतरी सलग तेरा-चौदा हारी येणे ही नेहमीची गोष्ट आहे. त्यामुळे अकरा हारींत काही विपरीत घडलेले नाही, आणि बाराव्या घोड्याला आपल्या अकरा हारींची खबरही नसते.

रक्कम ठरवण्याची शास्त्रशुद्ध रीत 1956 मध्ये जे. एल. केली यांनी मांडली. चारास एक भाव आणि आपल्या मते शक्यता 25 टक्के असेल, तर त्या सूत्राने जवळच्या रकमेच्या 6.25 टक्के लावावेत. शक्यता 20 टक्के असेल, तर उत्तर शून्य येते. केवळ पाच टक्क्यांनी आपला अंदाज चुकला तरी डावच उरत नाही, म्हणून जाणकार सूत्रातून निघालेल्या रकमेच्या अर्ध्या किंवा पाव भागावर थांबतात. हरल्यावर रक्कम वाढवा, असे हे सूत्र कुठेही सांगत नाही. उलट, जवळची रक्कम घटली की पुढचा डावही घटतो.

पण आपल्या पत्रातली मला खरी टोचलेली ओळ पत्नीविषयीची आहे. घरात सांगता येत नाही इतकी रक्कम जेव्हा जाते, तेव्हा पुढच्या घोड्याचा विचार बाजूला ठेवावा. आजच घरी सगळा आकडा सांगा, पैशांचा व्यवहार काही महिने त्यांच्या हाती द्या, आणि हात आवरत नसेल तर समुपदेशकाची किंवा डॉक्टरांची मदत घ्या. तोवर निवड कशी करावी याविषयी मी आपल्याला काहीही सांगणार नाही.

प्रश्न : वही ठेवा, असे आपण नेहमी लिहिता. वहीत नेमके काय लिहायचे, ते एकदा दाखवा.

उत्तर : माझ्या वहीच्या प्रत्येक पानाला मधोमध एक उभी रेघ असते. डावीकडचे शर्यतीपूर्वी लिहायचे, उजवीकडचे नंतर, आणि डावीकडचे एकदा लिहिले की खोडायचे नाही. डावीकडे घोड्याचा क्रमांक, मी धरलेली शक्यता, मिळालेला भाव, आणि एका वाक्यात कारण. पॅडॉकमध्ये, म्हणजे शर्यतीआधी घोडे फिरवतात त्या आवारात, काही दिसले तर तेही: मोतद्दाराबरोबर शांत चालत होता की मान उडवत होता, मांड्यांमध्ये घामाचा फेस आला होता का, पहिल्यांदाच झापडे लावली होती का.

उजवीकडे निकाल, पण क्रमांकाच्या आधी कारणाचा निकाल. एक नोंद जशीच्या तशी उतरवतो. डावीकडे: “सात नंबर. शक्यता 20. भाव सहास एक. मागच्या वेळी वळणावर तिसऱ्या रांगेत बाहेरून, या वेळी आतले गेट.” उजवीकडे: “कारण बरोबर. आतून वाट मिळाली. दोनशे मीटर उरले असताना आघाडी. शेवटी मानेएवढ्या अंतराने हरला. दुसरा.” पैसे गेले, पण त्या डावासमोर मी बरोबरची खूण केली आहे. त्याच्या दोन पाने आधी एक जिंकलेला डाव आहे, त्यासमोर चुकीची खूण आहे, कारण ज्या वेगवान सुरुवातीची मी अपेक्षा धरली होती ती झालीच नव्हती आणि माझा घोडा केवळ आघाडीचा घोडा वळणावर बाहेर भरकटला म्हणून आतून पुढे सरकला होता.

पन्नास नोंदी झाल्यावर 20 टक्के शक्यता लिहिलेले सगळे घोडे एकत्र काढावेत आणि त्यांतले किती जिंकले ते मोजावे. माझ्या पहिल्या मोजणीत तसे तीस घोडे होते. सहा जिंकायला हवे होते, तीन जिंकले. पुढचा हंगामभर मी एकही डाव लावला नाही, फक्त रेघेच्या डावीकडे लिहीत राहिलो.